पार्श्वभूमी : पाण्याखाली पोकळ नळी का चेपते?
पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की दाब चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक किलोने वाढतो. तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो, हे सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्येच मांडलं होतं. त्या दाबाखाली पोकळ नळी कशी वागते हे नीट कळायला मात्र आणखी पावणेतीनशे वर्षं गेली. आणि ते कळलं बॉयलरमुळे.

त्या काळच्या इंग्लंडमधल्या अनेक बॉयलरमध्ये आगीची लोखंडी नळी मधून जायची आणि तिच्याभोवती पाणी आणि वाफ असायची. म्हणजे दाब बाहेरून. या नळ्या चेपून बॉयलर फुटायचे, माणसं मरायची. नळी लांब असो की आखूड, तिच्या ताकदीत फरक पडत नाही, असा तेव्हाचा समज होता. मँचेस्टरचे इंजिनियर विल्यम फेअरबर्न यांनी तो तपासून पाहिला. ओतीव लोखंडाच्या भक्कम पात्रात पातळ पत्र्याच्या नळ्या बसवायच्या, पंपाने पाणी भरत दाब चढवायचा आणि नळी कधी चेपते ते पाहायचं. १८५८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: लांबी दुप्पट केली, तर नळी साधारण निम्म्याच दाबाला चेपते. मग उपायही समोरच होता. ठरावीक अंतरावर मजबूत कडी बसवली की लांब नळी अनेक आखूड नळ्यांसारखी वागते. पाणबुडीच्या अंगात दिसणाऱ्या गोल फासळ्या हेच काम करतात.

यामागचं कारण मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सत्य वाटतं. आतून दाब असेल तर नळीला पडलेला पोचा सरळ व्हायला बघतो. दाब बाहेरून असेल तर तोच पोचा खोल होत जातो. स्ट्रॉचं एक टोक बोटाने बंद करून दुसरीकडून जोरात ओढून पाहा. आधी काहीच होत नाही, आणि मग एका क्षणात ती चपटी होते. जी. एच. ब्रायन यांनी १८८८ मध्ये लांब, पातळ नळीसाठी याचं गणित दिलं. चेपण्याचा दाब हा जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली की नळीची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. शिवाय या सूत्रात धातूची ताकद येतच नाही, येतो तो त्याचा ताठपणा, म्हणजे वाकायला तो किती विरोध करतो ते. त्यामुळे पातळ नळीसाठी महागडं, जास्त ताकदीचं पोलाद आणूनही फारसा फायदा होत नाही.

फार खोल जायचं तर नळीपेक्षा गोळा बरा. विल्यम बीब आणि ओटिस बार्टन १९३४ मध्ये पोलादी गोळ्यात बसून ९२३ मीटरपर्यंत उतरले. १९६० मध्ये जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ या खोल पाण्यात उतरणाऱ्या यानातून समुद्रातल्या सगळ्यात खोल अशा मारियाना गर्तेच्या तळाशी पोचले. तिथे चौरस सेंटीमीटरला एक टनाहून जास्त दाब असतो. त्यांच्या गोळ्याची भिंत जवळजवळ १३ सेंटीमीटर जाड होती.

१९७० च्या दशकात समुद्रतळावरच्या तेलवाहिन्यांनी आणखी एक धोका दाखवला. एका जागी नळी चपटी झाली की ती चपटी लाट दोन्ही बाजूंना धावत सुटते, आणि तिला धावायला लागणारा दाब सुरुवातीला चेपायला लागणाऱ्या दाबापेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणून आता खोल पाण्यातल्या वाहिन्यांवर मध्ये मध्ये जाड कडी बसवतात. पहिला पोचा ही कडी थांबवत नाहीत, पण नुकसान दोन कड्यांच्या आतच राहतं.

जपानमधल्या सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणाऱ्या वेधशाळेलाही अशीच साखळी भोवली. १२ नोव्हेंबर २००१ रोजी तिथल्या टाकीत पाणी भरत असताना तळाजवळचा एक पोकळ काचेचा प्रकाशमापक फुटला. पाणी त्या पोकळीत धडकलं, त्या धक्क्याने शेजारचे फुटले, त्यांच्या धक्क्याने पुढचे. अकरा हजारांहून अधिक प्रकाशमापकांपैकी साडेसहा हजारांहून जास्त गेले. पाण्याचा दाब तेव्हा चौरस सेंटीमीटरला जेमतेम काही किलो होता. पुढे प्रत्येक प्रकाशमापकाला ॲक्रिलिक आणि फायबरग्लासचं कवच घातलं गेलं. त्या कवचाला मुद्दाम छोटी भोकं ठेवली आहेत. काच फुटलीच तर पाणी आत शिरेल, पण हळूहळू.