सीआरटी मॉनिटर व आधुनिक ग्राफिक्स कार्ड

पिक्चर ट्यूबचा (सीआरटी) जुना मॉनिटर आजच्या ग्राफिक्स कार्डाला जोडून वापरण्याची पद्धत. जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्या हौशी लोकांत ती प्रचलित आहे. सोबतचा संगणक बहुधा कार्यालयांतून सेकंडहँड निघालेला, अरुंद केसचा असतो. टेबलाची बहुतेक जागा मॉनिटरच अडवतो, त्यामुळे ही जोडी दिसते तितकी विजोड नाही.

ट्यूबवर इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ चित्र काढतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फर या चमकणाऱ्या लेपाचा उजेड लगेच मावळतो. एलसीडीवर मात्र प्रत्येक चौकट (फ्रेम) पुढची येईपर्यंत तशीच तेवत राहते. वेगाने सरकणारी वस्तू डोळ्याला फरफटल्यासारखी दिसते ती त्यामुळे. शिवाय ट्यूबला ठरलेले पिक्सेल नसतात, म्हणून ६४० × ४८० आणि १०२४ × ७६८ ही दोन्ही रेझोल्यूशन तिच्यावर सारखीच स्वाभाविक दिसतात.

सांगली परिसरात संगणक खेड्यांपर्यंत पोहोचले ते ट्यूबच्याच काळात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे होती. पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. पतसंस्था आणि मार्केट यार्डातल्या अडतींच्या टेबलांवरही मॉनिटर आले. अशा ठिकाणचे मॉनिटर सहसा १५ किंवा १७ इंची असत. आज ही गोष्ट पथ्यावर पडते. कशी, ते पुढे येईल.

खरी अडचण जोडणीची आहे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेला १५ पिनांचा व्हीजीए जोड अ‍ॅनालॉग संकेत नेतो. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय-आय या डिजिटल व अ‍ॅनालॉग दोन्ही नेणाऱ्या जोडातून हा संकेत मिळत असे. २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेत तो बंद झाला. आजच्या कार्डावर एचडीएमआय व डिस्प्लेपोर्टच असतात. डीव्हीआयवर बसवायचा व्हीजीएचा साधा प्लग आत काहीही रूपांतर करत नाही, त्यामुळे फक्त डिजिटल नेणारा डीव्हीआय-डी असलेल्या कार्डावर तो निरुपयोगी ठरतो. डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणारी चिप आत असलेला कन्व्हर्टरच लागतो.

कन्व्हर्टर घेताना पाहायचा आकडा म्हणजे पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग. १०२४ × ७६८ हे रेझोल्यूशन ८५ हर्ट्झवर (चित्र सेकंदाला ८५ वेळा) चालवण्यास ९४.५ मेगाहर्ट्झ लागतात, १२८० × १०२४ ला १५७.५, तर १६०० × १२०० ला २२९.५. फुल एचडी ६० हर्ट्झवर देणारा कोणताही कन्व्हर्टर १४८.५ मेगाहर्ट्झ पेलतोच. म्हणजे १६०० × १२०० वापरणाऱ्या २१ इंची मॉनिटरवाल्याला महागडा कन्व्हर्टर शोधत बसावे लागते, १०२४ × ७६८ वरच्या १७ इंचीवाल्याचे काम स्वस्तातल्यावर भागते. उलट बाजूने मॉनिटरची मर्यादाही पाहावी. ७० किलोहर्ट्झपर्यंतची आडवी वारंवारता (सेकंदाला काढल्या जाणाऱ्या ओळी) घेणारा मॉनिटर १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झ देतो. ५४ किलोहर्ट्झचा ८०० × ६०० वरच ८५ गाठतो. ६० हर्ट्झवर ट्यूब लुकलुकते आणि डोके दुखू लागते, म्हणून ही खटपट.

अरुंद केसमध्ये लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) कार्डच बसते आणि पॉवर सप्लायला वेगळी वायर नसल्याने स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागवावे लागते. जीटीएक्स १६५० ची काही लो-प्रोफाइल कार्डे यात बसतात. शक्यतो डिस्प्लेपोर्टचा कन्व्हर्टर घ्यावा. एचडीएमआयच्या पिनेतून फार थोडी वीज मिळते आणि चित्र मध्येच जाऊ शकते. मदरबोर्डवर व्हीजीए असल्यास आणखी एक वाट आहे: मॉनिटर तिथे लावायचा आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमसाठी वेगळे कार्ड निवडायचे. चौकट एकीकडून दुसरीकडे नेण्यात किंचित विलंब होतो, पण कन्व्हर्टरचा खर्च वाचतो. कार्ड बसवल्यावर बायोसने मदरबोर्डचे ग्राफिक्स बंद केले असेल तर ते आधी चालू करावे. रेझोल्यूशन बदलताना ‘लिस्ट ऑल मोड्स’मधूनच निवडावे, नाहीतर विंडोज डेस्कटॉप लहान करते, पण मॉनिटरकडे जाणारा संकेत जुनाच राहतो.

ट्यूबच्या अ‍ॅनोडवर सुमारे २५,००० व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही काही भार टिकून राहतो. मागचे कव्हर हौशी माणसाने उघडू नये. पावसाळ्यात धूळ आणि दमट हवा मिळून एलओटीजवळ (उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळ) ठिणग्या उडतात, सुईंऽ असा आवाज येतो. कृष्णेच्या पुरात बुडालेला मॉनिटर वरून कितीही कोरडा दिसला तरी प्लगला लावू नये. सुरू होताना डिगॉस कॉइल (ट्यूबमधले चुंबकत्व घालवणारे वेटोळे) क्षणभर बरीच वीज ओढते, त्यामुळे लहान यूपीएस कधी कधी बंद पडतो.

भंगारवाल्याकडून मॉनिटर घेताना ट्यूबची मान, म्हणजे मागचा निमुळता भाग, आधी तपासावी. मानेभोवतीच्या योक या तारेच्या वेटोळ्यातल्या तांब्यासाठी ती पुष्कळदा तोडलेली असते, आणि आतली निर्वात पोकळी गेली की ट्यूब दुरुस्त होत नाही. काचेत शिसे असल्याने असा मॉनिटर कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रावर द्यावा.