गाइडवायर (मूत्ररोग शल्यचिकित्सा)

मूत्रमार्गातून किंवा पाठीवरच्या लहानशा छिद्रातून मुतखड्याची शस्त्रक्रिया करताना जी बारीक, लवचिक तार सर्वांत आधी आत सरकवतात आणि जिच्यावरून पुढे डायलेटर (वाट रुंदावणारी नळी), स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक पोकळ नळी) अथवा दुर्बीण नेतात, तिला गाइडवायर म्हणतात. प्रौढांसाठी तिची जाडी सामान्यतः ०.०३५ किंवा ०.०३८ इंच, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा किंचित कमी असते आणि लांबी सुमारे १५० सेंटिमीटर.

सुईतून तार, तारेवरून नळी ही युक्ती स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी मांडली. १९७६ मध्ये स्वीडनच्याच फेर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतून केलेल्या छिद्रावाटे मूत्रपिंडातला खडा काढल्याचे प्रसिद्ध केले, १९७८ मध्ये दोन्ही टोकांना वळण असलेला डीजे (डबल-जे) स्टेंट वर्णिला गेला, आणि या दोन्ही कामांत तार अपरिहार्य ठरली. त्या काळी तिचे काम केवळ वाट दाखवण्याचे होते.

पुढे एकच तार सगळीकडे चालत नाही हे लक्षात आले. टेफ्लॉनचा लेप असलेली पोलादी तार स्वस्त असते व जागेवर टिकून राहते, पण मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत) घट्ट रुतलेल्या खड्यापाशी ती अडते. तेथे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, पाणी लागताच बुळबुळीत होणारी तार उपयोगी पडते. ही तार सलाइनने सतत ओली ठेवावी लागते. वाळली तर ती चिकटते आणि ओली असताना हातातून सहज निसटते, म्हणून अनुभवी परिचारिका ओल्या गॉजच्या घडीत धरूनच ती पुढे देते. धातूच्या सुईतून ती मागे ओढल्यास लेप खरवडला जाण्याचा धोका असतो. खडा ओलांडला की बरेच शल्यचिकित्सक त्याच वाटेने साधी किंवा कडक तार बदलून घेतात. मऊ टोक व कडक दांडा एकत्र असलेल्या संकरित तारांमुळे ही अदलाबदल काही ठिकाणी टळते, मात्र त्यांची किंमत जास्त असते. पाठीतून करावयाच्या शस्त्रक्रियेत तार शक्यतो मूत्रवाहिनीतून थेट मूत्राशयापर्यंत उतरवतात, कारण डायलेटर बदलताना ती बाहेर आली तर केलेली वाटच हरवते.

खरा वाद ‘सेफ्टी वायर’चा आहे. दुर्बिणीच्या शेजारून दुसरी तार आतच ठेवून द्यायची, म्हणजे मूत्रवाहिनी फाटली किंवा रक्तामुळे काही दिसेनासे झाले तरी तिच्यावरून स्टेंट बसवता येतो. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या दोरासारखीच ही सोय. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत बहुतेक दुर्बीण शस्त्रक्रियांत ती वापरावी असे म्हटले आहे, पण ते तज्ज्ञमताच्या आधारावर. उलट बाजूने असे दाखवून दिले गेले आहे की शेजारी तार असल्यास दुर्बीण पुढे ढकलायला अधिक जोर लागतो आणि निवडक रुग्णांत तिच्याविना काम सुरळीत होते. दुर्बिणी बारीक व वाकणाऱ्या झाल्या, खडा फोडणारा लेसर आला, तसा हा आक्षेप बळावला.

विदर्भाच्या ग्रामीण भागात मात्र हा प्रश्न वेगळ्या तराजूत तोलावा लागतो. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याही वर जातो, शेतात दिवसभर राबणाऱ्याच्या पोटात पाणी कमी जाते, लघवी घट्ट होते आणि खड्याला अनुकूल स्थिती तयार होते. मूत्ररोगतज्ज्ञ नागपूर, सेवाग्राम, सावंगी अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेले असल्याने गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून नागपूरला यायचे तर तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. गुंतागुंत उद्भवली आणि दुसऱ्यांदा टेबलवर घ्यावे लागले, तर तो प्रवास पुन्हा करावा लागतो. त्यामुळे जिथे वाकणारी दुर्बीण नाही, रुतलेला खडा आहे आणि हाताखाली शिकाऊ डॉक्टर आहेत, तिथे सेफ्टी वायर वगळण्याचे धाडस शहाणपणाचे ठरत नाही; निष्णात हातांनी केलेल्या साध्या खड्याच्या शस्त्रक्रियेत ती न वापरणे वेगळे.

एका प्रसंगी तारेचे मूळ काम जराही बदललेले नाही. खड्याने मूत्रवाहिनी बंद होऊन वर पू साचला आणि रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर त्या दिवशी खडा फोडायचा नसतो. तारेने अडथळा ओलांडून स्टेंट बसवायचा, किंवा पाठीतून नळी घालून लघवी मोकळी करायची, आणि खड्याकडे नंतर पाहायचे. रात्री दूरच्या तालुक्यातून आलेल्या अशा रुग्णाचा जीव लेसरपेक्षा एका तारेवर अधिक अवलंबून असतो.

तारेवरून बसवलेला स्टेंट काही आठवड्यांनी काढावा लागतो. कळ थांबली की ‘आता बरं वाटते’ म्हणून कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती फेरी राहून जाते. महिनोन्‌महिने आत राहिलेल्या स्टेंटवर क्षार साचून तो कडक होतो, ओढताना तुटू शकतो, आणि त्याच्या कडेने नवी तार वर नेणे हेच मग त्या शस्त्रक्रियेतले सर्वांत अवघड काम होऊन बसते. म्हणून सुट्टीच्या कागदावर स्टेंट काढण्याची तारीख ठळक लिहून घरच्यांचा फोन नंबर नोंदवून ठेवणे हा उपचाराचाच भाग धरायला हवा.