५० वर्षं झाली म्हणून टॅक्स माफ होत नाही

“गाडीला ५० वर्षं झाली की रोड टॅक्स आपोआप माफ,” हे पुण्यात इतक्या खात्रीने सांगितलं जातं की सदाशिव पेठेतले माझे मामा त्यांच्या फियाटबद्दल निर्धास्त होते. तसं काही नाही. ४० वर्षांवरच्या गाड्यांना करमाफी आहे ती ब्रिटनमध्ये, आणि तिथेही अर्ज करावाच लागतो.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत आली ती ५० वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठीची ‘विंटेज’ नोंदणी. फॉर्म २० भरायचा, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. गाडी मूळ रूपातच हवी. मामांनी बॉनेट उघडून फडक्याने इंजिनावरचं ऑइल पुसलं, तेव्हा खालचा कोरीव नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळला. मेकॅनिकच्या आग्रहाला बळी पडून डिझेल इंजिन बसवलं नाही, हे फार बरं केलं; नाहीतर पात्रताच गेली असती.

पण ही नोंदणी घेतली की गाडी रोज मंडईत नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची. रोज चालवायची असेल तर माझ्या मते साधी नोंदणीच ठेवावी, दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं आणि पर्यावरण कर भरावा.