स्वयंचलनाची मुळे अलेक्झांड्रियात

माणूस समोर नसतानाही यंत्राने आपले काम सांभाळावे, हा विचार वाफेच्या इंजिनापेक्षा सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे. तो आकाराला आला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. टॉलेमी राजांच्या आश्रयाने तिथे ग्रीक विद्वान आणि कारागीर एकत्र आले होते.

त्यांतला टेसिबियस हा इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, एका न्हाव्याचा मुलगा. वडिलांच्या दुकानातला आरसा सहज वरखाली व्हावा म्हणून त्याने दोरीला शिशाचे वजन बांधून ते नळीतून सोडले. वजन खाली येताना नळीतली हवा दाबली जाऊन जोराचा आवाज झाला, असे रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस सांगतो. पुढे टेसिबियसने दाबपंप बनवला, पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गनही बनवला. त्याचे स्वतःचे लेखन मात्र हरवले.

त्याचे पाण्याचे घड्याळ मला सर्वांत मोलाचे वाटते. भांड्यातली पातळी उतरली की धार मंदावते आणि वेळ चुकते. म्हणून धारेमागचे पाणी एकाच पातळीवर राखणे भाग होते. ज्या छिद्रातून पाणी पडे ते सोन्यात किंवा रत्नात कोरलेले असे, कारण ते झिजत नाही आणि त्यात गाळही बसत नाही. खालच्या भांड्यात तरंगणारा फ्लोट वर चढत जाई आणि तास दाखवी.

इ.स. पहिल्या शतकात, त्याच शहरात हेरॉनने या विद्येचे ग्रंथ लिहिले. पाच द्राक्मांचे नाणे टाकले की तीर्थाचे पाणी देणारे पात्र त्यांत आहे: नाण्याच्या भाराने दांडी कलते, झडप उघडते आणि नाणे घसरून पडले की बंद होते. दुसऱ्या एका रचनेत भांड्यातला द्राक्षरस कमी झाला की फ्लोट खाली जातो, झडप उघडतो आणि भांडे पुन्हा भरते. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह याच तत्त्वावर चालतो.

हेरॉनचे नाव निघाले की वाफेवर फिरणारा गोळाच आठवला जातो. त्याची चालती रंगभूमी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या गाडीवरचे छोटे नाट्य, त्याहून महत्त्वाची आहे. नळीतले धान्य बारीक छिद्रातून गळत जाई, त्यावरचे वजन हळूहळू खाली येई आणि आसाला गुंडाळलेली दोरी ओढली जाई. आसावरच्या खुंटीला वळसा देऊन दोरी उलट गुंडाळली की गाडी मागे फिरे, मध्ये सैल फास ठेवला की थांबे. प्रयोगाचा क्रम आधीच दोरीत बांधून ठेवलेला! यंत्राला आगाऊ सूचना देण्याची ही सुरुवातच म्हणायची.

ही विद्या अरबी अनुवादांतून बगदादला पोचली. ९व्या शतकात बनू मूसा बंधूंनी फ्लोट आणि झडपांची खेळणी आणखी कल्पक केली. युरोपात हेरॉनच्या वायुयंत्रांच्या ग्रंथाचे इटालियन गणिती कोमांदिनोने केलेले लॅटिन भाषांतर १५७५ मध्ये उर्बिनोत छापले गेले आणि इटलीतल्या कारंज्यांच्या कारागिरांना ते थेट कामाला आले.