दहातला एक

इंग्रजीतल्या विज्ञानबातम्या मराठीत आणण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. गिधाडांवरचा मजकूर आला की त्यात एक शब्द हमखास भेटतो : डेसिमेट. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, म्हणजे ती जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन, भारतातली गिधाडं ‘डेसिमेट’ झाली, असं वाक्य असतं. शब्दाचं मूळ पाहिलं तर अर्थ निघतो, दहातलं एक गेलं. प्रत्यक्षात काय झालं? पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. हजार होती तिथे एक उरलं. मूळ अर्थाने हिशेब केला असता तर हजारातली नऊशे आजही आभाळात घिरट्या घालताना दिसली असती.

याच दहाव्या हिश्शातून इंग्रजीत आणखी एक शब्द आला आहे, टाइथ. चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, हा त्याचा मुख्य अर्थ. पण जुन्या इंग्रजी लेखनात तो वेगळ्याच कामी येतो. ‘त्याच्याकडे याचा टाइथही नाही’ म्हणजे किंचितही नाही. आपण ‘शतांशानेही सर नाही’ म्हणतो, अगदी तसं. म्हणजे अपूर्णांक एकच, एक दशांश. त्यातून निघालेला एक शब्द फुगत फुगत ‘जवळपास सगळं’ इथवर गेला आणि दुसरा आक्रसत ‘जेमतेम काही’ इथे येऊन थांबला. हे कसं झालं असेल, याने मला बरेच दिवस पछाडलं होतं.

आधी मुळं पाहू. डेसिमेट लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये दहाला ‘देकेम’ म्हणतात. संस्कृत ‘दश’ आणि आपलं ‘दहा’ त्याच घराण्यातलं. टाइथ मात्र लॅटिनमधून आलेला नाही, तो अस्सल इंग्रजी आहे, आणि त्याची कूळकथा आपल्या तोंडातच सापडते. ‘दंत’ शब्द घ्या. इंग्रजीत तो ‘टूथ’ आहे. दंतमधल्या ‘द’च्या जागी ‘ट’ आला, शेवटच्या ‘त’चा ‘थ’ झाला आणि मधला अनुनासिक गळून पडला. पहिले दोन बदल जर्मानिक भाषांच्या सगळ्या कुटुंबात झाले. अनुनासिक गळणं ही इंग्रजी आणि तिच्या अगदी जवळच्या बहिणींची खोड. म्हणून आपला ‘हंस’ जर्मनमध्ये ‘गान्स’ राहिला आणि इंग्रजीत ‘गूस’ झाला. ‘दहावा’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरही हीच क्रिया झाली, त्यातला ‘न’ गेला आणि उरला तो टाइथ.

पण मग ‘टेन’शी त्याचं नातं कुणाला ऐकू येईना. लोकांनी ‘टेन’ला नव्याने प्रत्यय लावून ‘टेन्थ’ हा शब्द घडवला. मोजणीचं काम टेन्थकडे गेलं आणि टाइथ चर्चच्या हिश्शापुरता उरला. आपल्याकडेही असंच घडलेलं आहे. ‘दशमी’ म्हटलं की तिथी, ‘दहावी’ म्हटलं की बोर्डाची परीक्षा, आणि घरात कुणी ‘दहावा’ म्हणालं की आवाज खाली येतो, कारण तो मृत्यूनंतरचा दहावा दिवस. तिन्हींत अंक एकच आहे. फरक इतकाच की आपल्याला त्यात दहा ऐकू येतात. इंग्रजी माणसाला टाइथमध्येही ऐकू येत नाहीत आणि डेसिमेटमध्येही नाहीत. आकडा ऐकू येईनासा झाला की शब्दाला धरून ठेवणारा खुंटाच निघतो. मग तो कुठे भरकटायचा ते त्याच्या सोबतच्या आठवणी ठरवतात.

डेसिमेटच्या आठवणी रक्ताच्या आहेत. रोमन सैन्यात एखादी तुकडी जागा सोडून पळाली तर सगळ्यांना मारणं परवडायचं नाही. मग चिठ्ठ्या टाकायच्या. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पॉलिबियस या इतिहासकाराने ही पद्धत तपशीलवार लिहून ठेवली आहे. दोषींपैकी साधारण दहावा भाग चिठ्ठ्यांनी निवडायचा आणि त्यांना दांडक्यांनी ठेचून मारायचं. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव खायला द्यायचे आणि तळाच्या तटबंदीबाहेर झोपायला लावायचं. स्पार्टाकसच्या गुलामांच्या बंडाच्या वेळी, इ.स.पू. ७१ च्या सुमारास, रोमन सेनापती क्रॅससने आधी पळालेले ५०० सैनिक वेगळे काढले, दहादहाच्या पन्नास टोळ्या केल्या आणि प्रत्येकीतला एक मारला, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलं आहे. मेले पन्नास. पण चिठ्ठी निघेपर्यंत पाचशेच्या पाचशे जणांचा जीव टांगणीला लागला असणार. शिक्षेचा हेतूच तो होता. म्हणून मला वाटतं, हा शब्द फुगला यात भाषेची चूक कमी आहे. दहशत पहिल्यापासून दहातल्या दहांसाठी होती, शब्द पुढे तिच्यामागे गेला.

टाइथच्या आठवणी शेतातल्या आहेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कापणी झाली की दर दहावी पेंढी चर्चची. लोकर, दूध, कोकरं, डुकराची पिल्लं, सगळ्यात हा वाटा. तो साठवायला मोठाली कोठारं बांधली होती, त्यांतली काही अजून उभी आहेत. नऊ पेंढ्यांशेजारी ठेवलेली एक पेंढी लहानच दिसणार. ‘किंचित’ हा अर्थ तिथून आला असावा, असा माझा अंदाज. पण देणाऱ्याला ती किंचित नव्हती, कारण वाटा एकूण पिकावर होता, खर्च वजा जाऊन उरलेल्यावर नाही. त्या काळी गव्हाचं एक पोतं पेरलं तर चारेक पोती हाती यायची. दहा पोती पिकली तर अडीच पुढच्या बियाण्याला ठेवावी लागत. खरं हातात यायचं साडेसात, आणि त्यातलं एक जायचं. मजुरी, बैल, औतं यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

(या वसुलीने एक उपकार मात्र केला. जिथे टाइथच्या नोंदी टिकल्या, तिथे त्यांना दहाने गुणून जुन्या पिकांचा अंदाज बांधता येतो. आणि १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी पैसे घ्यायचं ठरल्यावर इंग्लंड-वेल्समधल्या अकरा हजारांहून अधिक गावांचे शेतवार नकाशे झाले. कुठे कुरण होतं, कुठे नांगरट, कुठे झाडी, हे शोधणारे आजही ते उघडून बसतात.)

हे दोन शब्द एकदा समोरासमोर आले होते. १६५५ साली इंग्लंडमध्ये राजेशाही हटवून आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने राजाच्या पक्षातल्या जमीनदारांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा कर बसवला, आणि त्याचं नाव पडलं डेसिमेशन. काम टाइथसारखं, नाव रोमन शिक्षेचं. आपल्याकडे सरदेशमुखीही शेकडा दहाच होती, पण तिचं नाव वतनावरून पडलं, आकड्यावरून नाही. आकडा मिरवला तो चौथाईने.

आता गिधाडांकडे परत येऊ, कारण मूळ अर्थाला चिकटून राहायचं तर गणित काय म्हणतं हे पाहण्याजोगं आहे. दर वेळी दहातलं एक मारायचं, मग उरलेल्यांतून पुन्हा दहातलं एक. सात फेऱ्यांत संख्या निम्म्याखाली जाते. एक दशांशाखाली जायला बावीस फेऱ्या लागतात. हजारात एक इथवर यायला सहासष्ट. गिधाडांच्या वाट्याला रोमन शिक्षा एकदा नाही, सहासष्ट वेळा आली.

सूक्ष्मजीवशास्त्रात मात्र दहावा हिस्सा उलट बाजूने धरतात. ठरावीक तापमानाला जंतूंची संख्या एक दशांशावर आणायला जो वेळ लागतो त्याला डी-मूल्य म्हणतात. इथला ‘डी’ त्याच ‘देकेम’च्या घरातला, पण इथे दहावा हिस्सा मरत नाही, उरतो. नऊ मरतात. हवाबंद डब्यातल्या कमी आंबट अन्नात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूचे बीजाणू राहू नयेत म्हणून बारा डी-मूल्यांइतकी उष्णता देण्याचा दंडक आहे. १२१ अंश सेल्सियसला, डब्यातल्या सगळ्यात उशिरा तापणाऱ्या जागी, ही साधारण अडीच मिनिटं होतात. बाराव्यांदा दहाने भागलं की एक लाख कोटी बीजाणूंमागे एकाची शक्यता राहते. या शास्त्रात बोलताना ‘दहावा हिस्सा’ एवढंच म्हणून भागत नाही. गेलेला की उरलेला, ते सांगावंच लागतं.

मराठीत डेसिमेटला शब्दांची वाण नाही. धूळधाण, वाताहत, नामशेष. पण धूळधाणमध्ये संख्या नाही, आणि नामशेष म्हणावं तर गिधाडं अजून आहेत. २००६ साली डायक्लोफेनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली ती त्या उरलेल्यांसाठीच. परवा पुन्हा तसंच इंग्रजी वाक्य समोर आलं. मी मूळ शब्द सोडून दिला आणि लिहिलं : हजारामागे एक गिधाड उरलं.