शेपटातली नारिंगी पेटी आणि तिची हाक ऐकणारे

१९७२ च्या ऑक्टोबरात चार दिवसांत तीन गोष्टी घडल्या. १३ तारखेला उरुग्वेच्या रग्बी संघाला चिलीला नेणारं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. १५ ला हौशी रेडिओवाल्यांचा 'ऑस्कर-६' हा छोटासा उपग्रह अमेरिकेतून सुटला. आणि १६ ला अलास्कात अँकरेजहून जुनोला निघालेलं सेसना ३१० गायब झालं. त्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहातले बहुमतातल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज होते.

अँडीजमधल्या विमानाचा रंग पांढरा, खाली बर्फही पांढरं. शोधविमानं डोक्यावरून गेली, पण त्यांना काही दिसलं नाही. शोध थांबवल्याची बातमी अपघातातून बचावलेल्यांनी स्वतःच्याच ट्रान्झिस्टरवर ऐकली. त्यांना जग ऐकू येत होतं, जगाला ते नाही. ७२ दिवसांनी १६ जण सुटले, तेही दोघे डोंगर ओलांडून चालत खाली आले म्हणून. बॉग्ज यांचा शोध ३९ दिवस चालला. हाती काहीच लागलं नाही, आजतागायत नाही. त्या विमानात इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर, म्हणजे ईएलटी, विमान पडल्यावर रेडिओवरून आपोआप हाक देणारी पेटी, नव्हता, असा निष्कर्ष तपासात निघाला.

खरं तर तोवर अमेरिकेत अशी पेटी बसवण्याचा कायदा झालेला होता. त्यामागे १९६७ चा एक अपघात होता. मार्चमध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एक छोटं सेसना पडलं. आत नवरा-बायको आणि सोळा वर्षांची मुलगी. तिघंही वाचली होती. सावत्र वडील मदत आणायला निघाले ते परतलेच नाहीत. मायलेकी वाट पाहत राहिल्या आणि मुलगी डायरी लिहीत राहिली. ऑक्टोबरात अवशेष सापडले तेव्हा डायरीवरून कळलं, त्या पन्नासहून अधिक दिवस जिवंत होत्या. आपटून माणसं गेली असती तर कदाचित कायदा झालाही नसता. ती वाट पाहून गेली, हे लोकांना सहन झालं नाही. डिसेंबर १९७० मध्ये ईएलटीची सक्ती आली, तीही गंमत म्हणजे कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्यात घुसवून. बसवायला मुदत होती १९७३ अखेरपर्यंत.

पेटी साधीच. विमानाच्या शेपटाकडे, कारण आपटल्यावर तोच भाग बऱ्यापैकी शाबूत राहतो. जोराचा हिसका बसला की आतला स्विच आपोआप चालू होतो आणि १२१.५ मेगाहर्ट्झवर वरून खाली घसरणारा 'क्यूंव-क्यूंव' आवाज सुरू होतो. अडचण एकच, ऐकायला कुणीतरी जवळपास हवं. वरून जाणाऱ्या एखाद्या वैमानिकाने रेडिओ त्या लहरीवर ठेवला असेल तर नशीब.

इथे ऑस्कर-६ कामाला आला. इंजिनाची शिट्टी गाडी येताना चढी आणि जाताना उतरती लागते, तसाच फरक उपग्रहाला जमिनीवरच्या लहरीत जाणवतो, आणि त्यावरून ठिकाण काढता येतं. कॅनडातल्या संशोधकांनी हे त्या उपग्रहावर करून पाहिलं. १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि, शीतयुद्ध चालू असताना, सोव्हिएत संघही एकत्र आले. त्यांच्या 'कोस्पास-सारसॅट' या उपग्रहांवरून हाका ऐकणाऱ्या संयुक्त यंत्रणेचा पहिला उपग्रह, सोव्हिएतांचा, जून १९८२ मध्ये गेला. सप्टेंबरात त्याने ब्रिटिश कोलंबियात पडलेलं विमान दाखवलं आणि तिघांचे प्राण वाचले. ते तिघे दुसरं हरवलेलं विमान शोधायला निघाले होते!

मग उलटंच झालं. पेटी फार ओरडू लागली. जोरात टेकलेलं विमान, हँगरमधला धक्का, एवढंच काय, एटीएम आणि पिझ्झाच्या भट्ट्यासुद्धा त्या लहरीवर गोंधळ घालायच्या. उपग्रहाकडे येणाऱ्या पन्नास हाकांत जेमतेम एक खरी. वैमानिकांना ताकीद असे, चाचणी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच करा, तीही दोन-तीन आवाजांपुरती. बिनानावाच्या हाकेमागे दरवेळी कोण धावणार?

म्हणून ४०६ मेगाहर्ट्झची डिजिटल पेटी आली. ती साधारण पन्नास सेकंदांनी एकदा स्वतःचा क्रमांक सांगते, जीपीएस जोडलेलं असेल तर ठिकाणही. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं. ती लहर आता जवळ पोचलेल्या पथकाला शेवटचं अंतर कापायला उपयोगी. पाण्याखाली मात्र दोन्ही मुक्या. २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच३७० विमानात चार ईएलटी होते, एकाचाही संदेश आला नाही. त्यामुळेच मोठ्या नव्या विमानांसाठी आता पडण्याआधीच, हवेत संकटात सापडताच मिनिटामिनिटाला ठिकाण सांगणारी यंत्रणा बंधनकारक होत आहे.

भारतात हे संदेश बंगळुरूच्या इस्रो केंद्रात येतात; उपग्रहाकडे कान लावलेले अँटेना तिथे आणि लखनौला आहेत. हाक आली की केंद्र नोंदवहीत क्रमांक पाहतं आणि पहिला फोन मालकाकडे जातो. बऱ्याचदा विमान हँगरमध्येच असतं. मालक खजील होऊन स्विच बंद करायला पळतो. विमान विकताना नोंदीतला फोन नंबर बदलायचा राहिला असेल, तर तो फोन जुन्या मालकाच्या घरी वाजतो.