छातीत जळजळ: पित्त की हार्ट अटॅक?

मराठवाड्यात कुणाच्या छातीत दुखायला लागलं की घरात पहिला शब्द निघतो ‘पित्त’, नाहीतर ‘गॅस धरला’. कुणी ओवा आणतं, कुणी सोडा पाजतं, आणि तास-दोन तास निघून जातात. पुष्कळदा ते पित्तच असतं. पण अटॅक असेल तर त्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो.

पित्ताची जळजळ ठेचा-भाकरी भरपेट खाऊन लगेच आडवं झाल्यावर येते, वाकलं की वाढते, घशाशी आंबट पाणी येतं. अटॅकमध्ये बहुधा छाती आवळल्यासारखी, दाबल्यासारखी होते. दुखतं कुठं ते एका बोटानं दाखवता येत नाही, माणूस अख्खा तळहात छातीवर ठेवतो. कळ हातात, जबड्यात, पाठीत जाते, दरदरून घाम फुटतो. चालताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना दुखतं आणि बसलं की थांबतं, असं होत असेल तर पित्ताच्या गोळ्या घेत बसू नका, आधी हृदय तपासून घ्या.

फसगत होते ती पुढच्या प्रकारात. हृदयाच्या खालच्या भागाला अटॅक आला तर दुखणं पोटाच्या वरच्या भागात असू शकतं, सोबत मळमळ, उलटी. हुबेहूब पित्त! मधुमेह असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तर कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखं होतं. आपल्याकडे बाया ‘होईल कमी’ म्हणत कामाला लागतात, याची मला फार काळजी वाटते.

सोड्यानं बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे, असं समजू नका. अटॅकची कळसुद्धा मध्येच ओसरते. उलट हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटच्या गोळीनं अन्ननलिकेचा पेटकाही सुटतो, म्हणून त्या आरामावरूनही निदान होत नाही.

निदान होतं ते ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणीनं. पहिला ईसीजी साफ येऊ शकतो आणि ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. म्हणून दुखणं चालू असताना एका साफ ईसीजीवर घरी परतू नका, पुन्हा काढायला सांगा. गावाहून निघताना 108 ला फोन करा, रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर नेऊ नका. घरात जुना ईसीजी असेल तर तो सोबत घ्या. नवा बदल कोणता, हे डॉक्टरांना त्यावरून लवकर कळतं.